फळ्यांखालचा वारा

लंडनला धाकट्या लेकीने घेतलेले घर व्हिक्टोरियन काळातले. जमीन लाकडी, थंडीत पाय गारठतात. खाली काय भरावे, असे तिने विचारले आणि मी इतिहासात शिरलो.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात (१८३७-१९०१) तिकडे तुळयांवर फळ्या ठोकून खाली पोकळी ठेवत. भिंतीतल्या झरोक्यांतून वारा खेळे, ओल साचत नसे, लाकूड कुजत नसे. उबेला कोळसा होताच. आपल्या वाड्यांत कडीपाटावर मातीची भर असे, ती आवाज अडवी.

तिला कळवले, पोकळी बुजवू नकोस. तुळयांच्या मधे लाकूडतंतूंचा किंवा मेंढीच्या लोकरीचा थर दे, खालून जाळीचा आधार. झरोके मोकळे ठेव. फेस फवारलास तर ओल लाकडातच कोंडू शकते. सव्वाशे वर्षे टिकलेली जमीन आपल्या हातून कुजू नये, एवढेच.