चित्र उमटेपर्यंत

१९९३ साली पॅट्रिक व्होल्करडिंगने 'स्लॅकवेअर' हे लिनक्सचं वितरण काढलं, तेव्हा ते यायचं फ्लॉप्यांच्या चळतीतून. एकेक घालायची, खरखर ऐकायची. मध्येच एखादी नासकी निघाली की ती पुन्हा भरून आणायची. तरी तो भाग सोपाच. काळ्या पडद्यावर लॉगिनची पांढरी ओळ दिसली, की अर्धा गड सर. उरलेला अर्धा, म्हणजे खिडक्या, माउस आणि रंग, १९९२ पासून स्वयंसेवक बांधत असलेल्या 'एक्सफ्री८६'च्या हाती होता. आणि ते काही दाखवण्याआधी उलटतपासणी घ्यायचं.

ग्राफिक्स कार्डावर चिप कोणती? मेमरी किती? मॉनिटरला किती किलोहर्ट्झ झेपतात? चिपचं नाव वाचायला कॅबिनेट उघडावं लागे आणि मॉनिटरची पुस्तिका बहुधा रद्दीत गेलेली असे. भारतात नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात 'पीसीक्वेस्ट' मासिकाबरोबर लिनक्सची सीडी मिळू लागली, फ्लॉप्यांची कटकट मिटली. प्रश्न मात्र तेच राहिले.

उत्तरं एका फाइलीत लिहायची. साध्या ६४० बाय ४८०च्या चित्रासाठी त्यातली ओळ अशी: २५.१७५, मग ६४०, ६५६, ७५२, ८००, मग ४८०, ४९०, ४९२, ५२५. पहिला आकडा मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला अडीच कोटी ठिपके. आडव्या ओळीत दिसतात ६४०, पण वेळ धरायचा ८०० ठिपक्यांचा, कारण काचेच्या नळीतल्या इलेक्ट्रॉनच्या झोताला परत डावीकडे यायला अवधी लागतो. तसंच ४८० ओळींसाठी ५२५ धरायच्या. भागाकार केला की सेकंदाला जवळपास ६० चित्रं. आकडा चुकला तर चित्र तिरकं व्हायचं, गुंडाळलं जायचं. चुकीच्या आकड्यांनी मॉनिटर कायमचा बिघडू शकतो, असा इशाराच माहितीपत्रकांत असे. घरच्यांच्या पैशांनी घेतलेल्या मॉनिटरवर हा प्रयोग करायला छाती लागे.

पुढे मॉनिटर स्वतःच आपली माहिती सांगू लागले आणि ती फाइल हळूहळू अडगळीत गेली. चिपच्या आतलं गुपित मात्र कंपन्यांच्या कुलपात होतं. २००० च्या सुमारास चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने लिनक्ससाठी स्वतःचा ड्रायव्हर दिला. वेगवान, पण बंदिस्त. त्याच्याभोवतीचा पातळ उघडा थर तेवढा आपल्या कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी, कंपाइल व्हायचा. कर्नल बदलला की सांधा निखळला, पुन्हा काळा पडदा. डेलच्या इंजिनिअरांनी यावर 'डीकेएमएस' काढलं: नवा कर्नल आला की ड्रायव्हरचा तो भाग आपोआप पुन्हा बांधायचा.

दुसरीकडे काही जण कागदपत्रांवाचूनच, कार्डाकडे काय काय लिहिलं जातं ते टिपत, 'नूव्हो' हा खुला ड्रायव्हर घडवत होते. २०१० मध्ये तो २.६.३३ या कर्नलात आला. गंमत अशी, की कंपनीचा ड्रायव्हर घालायचा तर आधी याच नूव्होला काळ्या यादीत टाकावं लागतं.

एएमडीने २००६ मध्ये एटीआय ही ग्राफिक्स कार्डांची कंपनी विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी कार्डांची कागदपत्रं खुली करायचं जाहीर केलं. एनव्हिडिया ढिम्म. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्सने भर सभेत कॅमेऱ्याकडे मधलं बोट दाखवलं, ते याच रागातून. शिष्टाचार सोडला, पण तक्रार रास्त होती. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नलात बसणारा भाग खुला केला. त्यावरचा मोठा डोलारा अजून बंदच आहे.

आज नव्या मशीनला पेनड्राइव्ह लावला की इंटेल आणि एएमडीचं चित्र बहुधा न विचारता येतं. एनव्हिडियाचं कार्ड आणि सही नसलेला कोड रोखणारं 'सिक्युअर बूट' दोन्ही असले, तर ड्रायव्हरवर सही लागते. इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायचा. मशीन पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो, तिथे त्या सहीची किल्ली नोंदवायची आणि तोच पासवर्ड द्यायचा. बरेच जण घाईत 'कंटिन्यू' दाबतात, मग ड्रायव्हर असूनही चढत नाही.