चौथं मशीन आणि एक हरीण

साल २००२. सांगलीत, विश्रामबागेतल्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरचा अरुंद जिना चढून तुम्ही वर आला आहात. चपला दाराबाहेर काढा, इथे तसा नियम आहे. आत प्लायवूडचे कप्पे, त्यांत आठ मशीन, जाड पाठीचे मॉनिटर. माउस असे की पोटातला गोळा काढून आतल्या रुळांवरचा मळ नखाने खरवडल्याशिवाय बाण सरळ हलत नाही. सायबर कॅफे अशी पाटी बाहेर असली तरी या वेळी इंटरनेटला कोणी आलेलं नाही. सगळे मशीन एकमेकांना जोडून लॅनवर गेम खेळत बसलेत. मालकाने वहीत तुमची वेळ टिपली आणि बोट दाखवलं. रिकामं मशीन एकच आहे, खिडकीजवळचं चौथं. ते रिकामं का, हे कळायला तुम्हाला फार वेळ लागणार नाही.

'एज ऑफ एम्पायर्स २'. त्यातही २००० साली आलेली 'द कॉन्करर्स' ही भर टाकलेली. समोर वंशांची यादी उघडते. ब्रिटन, फ्रँक, मंगोल, तुर्क, जपानी, हूण, अ‍ॅझ्टेक. हिंदुस्थान कुठेच नाही. तुम्ही पर्शियन घेता, कारण त्यांच्याकडे लढाऊ हत्ती आहे. या कॅफेत निम्मी पोरं त्याच कारणासाठी पर्शियन घेतात आणि हत्ती बनवण्याइतकं फूड जमायच्या आत मरतात.

पडद्यावर काळोख. मधोमध टाउन सेंटर, भोवती तीन विलेजर, एक घोडेस्वार. एका विलेजरला ५० फूड पडतं आणि तो तयार व्हायला २५ सेकंद लागतात. टाउन सेंटर क्षणभरही रिकामं बसू द्यायचं नाही, ही इथली पहिली शिकवण. तुम्ही मेंढ्या संपवता, बेरीच्या झुडपांकडे दोघांना पाठवता, लाकडाला तिघांना लावता. आता डुक्कर. एका विलेजरने त्याला बाण मारायचा आणि पाठ फिरवून टाउन सेंटरकडे पळायचं. डुक्कर मागे धावत येतं, दारात बाकीचे टपलेले असतात. बाण एक जास्त मारलात किंवा पळायला उशीर केलात की विलेजर गेला.

"डुक्कर आणतोयस का मरतोयस?" शेजारच्या कप्प्यातून आवाज येतो.

"आणतोय रे."

"चौथ्यावर बसलाय ना? मग मरणारच."

कोणीतरी ११ आकडा टाइप करून एंटर मारतो आणि आठही स्पीकरमधून तेच ते खदाखदा हसणं उसळतं. मग ३०. वोलोलो! (हा आवाज या दुसऱ्या भागातल्या मंकचा आहे असं पुढे अनेकजण छातीठोकपणे सांगतील. तसं नाही. तो १९९७च्या पहिल्या भागातल्या पुजाऱ्याचा. दुसऱ्या भागात तो फक्त चिडवायला ठेवलाय.)

आणि इथे खेळ अडखळायला लागतो. तिकडे कोणाचे धनुर्धारी, इकडे कोणाचे घोडेस्वार, सगळे एका जागी क्षणभर थिजतात, मग दोन पावलं टाकतात, परत थिजतात. अख्खी खोली तुमच्याकडे मान वळवून बघते. तुम्ही काहीही केलेलं नाही. तुमच्या मशीनने केलंय.

आता जरा वाकून कॅबिनेटच्या मागे बघा. तिथून निघालेली निळी तार धरून चला; ती तुम्हाला सांगलीतून बाहेर आणि सहा वर्षं मागे नेते. १९९६, अमेरिकेत टेक्सासमधलं डॅलस, एन्सेम्बल स्टुडिओजचं ऑफिस. गेमचं नाव अजून 'एज ऑफ एम्पायर्स' झालेलं नाही, सगळे त्याला 'डॉन ऑफ मॅन' म्हणतात. ब्रूस शेली इथे आहेत, सिड मायर यांच्याबरोबर 'सिव्हिलायझेशन' बनवलेले. लोक कामाचा भाग म्हणून स्वतःचाच अर्धवट गेम खेळताहेत. तुम्हाला मात्र त्या टेबलाशी जायचंय जिथे नेटवर्कचा हिशोब चालू आहे.

अडचण अशी. घरी पेंटियम ९०, १६ एमबी रॅम आणि टेलिफोनवरून चालणारा २८.८चा मॉडेम असलेल्या माणसालाही आठजणांत खेळता आलं पाहिजे. प्रत्येक सैनिक कुठे उभा आहे, काय करतोय, किती जखमी आहे, हे सगळं तारेतून पाठवायचं म्हटलं तर २५०च्या वर हलती माणसं त्या मॉडेममधून जात नाहीत. यांना तर शेकडो धनुर्धारी एकावेळी सोडायचेत. मग ते सैनिक पाठवतच नाहीत. फक्त हुकूम पाठवतात. 'हे चाळीसजण तिथे जा', एवढंच तारेतून जातं. लढाई प्रत्येक मशीन आपापल्या पोटात स्वतंत्रपणे लढतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि आठही ठिकाणी ती केसभरही वेगळी होता कामा नये. आठ घरांत एकाच वेळी एकाच पोथीचं पारायण चालावं, कोणाला कोणाचा आवाज ऐकू येत नसावा, तरी प्रत्येक जण त्याच ओवीवर असावा, तसा हा प्रकार.

त्यासाठी काळाचे तुकडे पाडलेले आहेत, साधारण सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याचे. तुम्ही आत्ता दिलेला हुकूम दोन तुकडे पुढे अमलात येतो, म्हणजे तोवर तो सगळ्यांकडे पोहोचलेला असतो. तुम्ही क्लिक केल्यावर सैनिक लगेच 'हो' म्हणतो आणि जरा उशिराने हलतो. पाव सेकंदापर्यंतचा उशीर खेळणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, असं त्यांना चाचण्यांत दिसलं. मार्क टेरानो आणि पॉल बेटनर यांनी ही सगळी हकीगत २००१ साली गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्सला मांडली. माझ्या मते गेम कसा बनतो यावर इतकं प्रामाणिक आणि वाचनीय फार थोडं लिहिलं गेलंय.

त्यांच्याच त्या हकीगतीतलं हरीण बघा. नकाशा तयार होताना एका मशीनवर एक हरीण किंचित वाकडं उभं राहिलं. एवढंच. ते चरायला किंचित वेगळ्या दिशेने गेलं. काही मिनिटांनी त्याच्यामागे गेलेल्या विलेजरची वाट जराशी बदलली, भाला चुकला, तो मांस न घेता घरी आला. आता एका मशीनवरच्या राज्यात जेवढं फूड आहे, तेवढं दुसऱ्यावर नाही. दोन्ही खेळाडू एकमेकांशी खेळताहेत असं समजून वेगवेगळ्या जगांत खेळताहेत. गेमला हे कळतं, तो 'आउट ऑफ सिंक' म्हणतो आणि मैफल मोडते. अशी हरणं शोधत माणसं तिथे रात्री जागलीत.

आणि प्रत्येक तुकडा संपायला सगळ्यांचं काम संपावं लागतं. म्हणून सगळ्यांचा वेग सगळ्यांत हळू मशीनवर ठरतो. सांगलीतलं चौथं मशीन सात जणांना रडवतं, ते यापायी.

दुसऱ्या भागाला एक वर्ष पुरेल असा त्यांचा अंदाज होता, दोन लागली. मधल्या काळात १९९८ला 'राइज ऑफ रोम' देऊन वेळ मारून नेली. ३० सप्टेंबर १९९९ला 'द एज ऑफ किंग्ज' दुकानात आला. तुम्ही तारेवरून परत सांगलीत उतरता तोवर तुमच्या गावाला वेढा पडलाय, लाल ट्रेबुशे टाउन सेंटरवर धोंडे टाकतंय, आणि नेमकी लाइट जाते. खोलीत एकच आरोळी उठते. हरणाऱ्यांची आनंदाची.

आता २०१०. तुमच्या घरी विंडोज ७ आहे, हाताशी ती जुनी सीडी आहे. गेम टाकता, तो चालतो, आणि समुद्र जांभळा दिसतो. गवतावर लाल-गुलाबी डाग. मशीन बिघडलेलं नाही. हा गेम २५६ रंगांत काढलेला आहे. प्रत्येक ठिपका म्हणजे एक आकडा, आणि कोणता आकडा कोणता रंग याचा तक्ता गेम स्वतःच्या ताब्यात धरतो. विंडोजचा डेस्कटॉप मागून त्या तक्त्यात ढवळाढवळ करतो. उपाय ऐकून हसू येईल: टास्क मॅनेजर उघडायचा, एक्सप्लोररच बंद पाडायचा, टास्कबार आणि आयकॉन नाहीसे झालेल्या ओक्याबोक्या पडद्यावरून गेम चालू करायचा. पाणी निळं होतं. जगभर लोकांनी हेच केलं. तोवर डॅलसचं ऑफिसही राहिलेलं नाही. मायक्रोसॉफ्टने एन्सेम्बल जानेवारी २००९मध्ये बंद केली.

विंडोज १०वर तर आणखी पायऱ्या. त्या काळच्या पुष्कळ गेम सीडींवर नक्कल रोखणारं जे कुलूप असे, त्याला लागणारा ड्रायव्हर या विंडोजने घेतलाच नाही. लॅनसाठी लागणारा डायरेक्टप्ले 'विंडोज फीचर्स'मध्ये जाऊन हाताने चालू करावा लागतो. एवढं करून चित्र जुन्याच चौकोनी मापाचं, रुंद पडद्यावर ताणलेलं. विलेजर आडवे सुटलेले दिसतात. एखाद्या रविवारी हौस म्हणून करा. खेळायचं असेल तर हा रस्ता सोडा.

कारण दुसरा रस्ता चांगला आहे. २०१३ला एचडी आवृत्ती आली आणि तिच्यावर 'द फरगॉटन' ही भर. ती मुळात चाहत्यांनी फावल्या वेळात केलेली, पुढे अधिकृत झाली. यादीत 'इंडियन्स' पहिल्यांदा आले ते तिच्यामुळे, मूळ गेमनंतर चौदा वर्षांनी. फरगॉटन एम्पायर्स या त्याच मंडळींच्या हातून १४ नोव्हेंबर २०१९ला 'डेफिनिटिव्ह एडिशन' निघाली.

ती लावा. आता तुम्ही आजच्या खोलीत, आजच्या पडद्यावर आहात. माउसचं चाक फिरवून खाली उतरा: शेतातल्या कणसांपर्यंत दिसतं. किल्ला पडतो तेव्हा एकदम नाहीसा होत नाही, दगड-दगड कोसळतो. १९९९ला प्रत्येक शेत संपलं की हाताने पुन्हा पेरावं लागायचं, २०००ला गिरणीत आगाऊ लाकूड भरून रांग लावता यायला लागली, आता ते आपोआप पेरलं जातं. याने खेळ सोपा झाला अशी तक्रार करणारे आहेत. मला ती पटत नाही. शेतं पेरण्यात मर्दुमकी कधीच नव्हती.

हिंदुस्तानी (पूर्वीचे 'इंडियन्स') निवडा, विलेजर हिंदीत ओ देतो. २०२२च्या 'डायनेस्टीज ऑफ इंडिया'मध्ये बंगाली, द्रविड आणि गुर्जर आले. राजेंद्र चोळाची मोहीम तुम्ही खेळू शकता, आणि दरवाजे फोडायला लाकडी ओंडक्याच्या गाड्यांऐवजी चिलखती हत्ती आहेत. सांगलीतल्या पर्शियनवाल्यांचं भलं झालं असतं. देवगिरीच्या यादवांना मात्र या तिघांत जागा मिळाली नाही. मध्ययुगीन दख्खन वगळून भारतातल्या राजवंशांची गोष्ट सांगणं मला अपुरं वाटतं.

कॉम्प्युटरशी एक डाव खेळा. त्याची अक्कल निवडायची सोय आहे. 'सीडी व्हर्जन' घ्या, म्हणजे २००२चाच प्रतिस्पर्धी समोर येतो. जुन्यात तो 'हार्डेस्ट'ला लबाडीने जास्तीचं साहित्य घ्यायचा, तरी तुम्ही त्याला आज मारता आणि खुर्चीत रेलता. मग नवीन घ्या, 'एक्स्ट्रीम'वर. हा छदामही जास्त घेत नाही. तुमचं पहिलं शेत होतं न होतं तोच त्याचे स्वार तुमच्या लाकूडतोड्यांवर येऊन पडतात.

माणसांशी रँक्ड डाव खेळायला जाल तेव्हा गेम आधी तुमच्या मशीनची परीक्षा घेतो. छोटीशी लढाई चालवून गुण देतो, हजाराच्या खाली आलात तर आत सोडत नाही. चित्रं नवी, सर्व्हर नवे, पण पोटातला करार १९९६चाच आहे: अजूनही तारेतून फक्त हुकूमच जातात आणि लढाई प्रत्येक मशीन स्वतःच लढतं. म्हणून गुण कमी पडले तर आधी ग्राफिक्स उतरवा, सावल्या बंद करा, फोर केचा शौक सोडा. नाहीतर तुमच्यापायी बाकीचे सात जण रखडतील.