यवतमाळ जिल्ह्यातील ‘मर्ग’ : संशयास्पद मृत्यूची नोंद आणि इतिहासाचे साधन

यवतमाळ जिल्ह्यातील पोलीस ठाण्यात एखाद्या अनैसर्गिक मृत्यूची खबर येते तेव्हा जे प्रकरण प्रथम नोंदविले जाते त्यास ‘मर्ग’ म्हणतात. फारसीत मर्ग म्हणजे मृत्यू. पश्चिम महाराष्ट्रात यासच ‘अकस्मात मृत्यू’ हे नाव आहे. विदर्भाच्या दप्तरांत मात्र फारसी शब्द टिकून राहिला. त्याचा कायदेशीर आधार १८९८ च्या फौजदारी व्यवहार संहितेतील कलम १७४ हा होय. १९७३ च्या संहितेत ते कलम त्याच क्रमांकाने राहिले आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १९४ वे झाले. क्रमांक बदलला, तरी पोलिसाने विचारावयाचे प्रश्न तेच राहिले: प्रेतावर कोणत्या खुणा आहेत, मृत्यूचे दिसणारे कारण कोणते, आणि दुसऱ्या कोणी अपराध केला असल्याचा वाजवी संशय आहे काय. पंचांच्या सह्या होतात, प्रेत शवविच्छेदनास जाते, विसेरा राखून ठेवला जातो. संशय न आढळल्यास कागद मिटतो.

संशयास्पद मृत्यूंचा इतिहास लिहिणारास बहुधा हाच कागद मूळ साधन म्हणून हाती लागतो. तेव्हा तो काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही, हे आधी पाहिले पाहिजे. यासाठी याच जिल्ह्यातील २०१७ सालची घटना घेणे उपयुक्त ठरेल.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात कपाशीची झाडे नेहमीपेक्षा उंच व दाट वाढली होती. बोंडअळी व इतर किडींसाठी फवारणी वारंवार करावी लागे. मजूर पऱ्हाटीच्या ओळींतून शिरला म्हणजे फवारा पायांवर न पडता तोंडावर व छातीवर येई. दोनतीन औषधे एकत्र कालवण्याची रीत पडलेली, नवे चिनी बनावटीचे पंप जोराने सूक्ष्म तुषार उडविणारे, आणि हातमोजे वा मुखपट्टी नाही. जुलैपासून चक्कर, ओकारी, दृष्टी मंदावणे, श्वास कोंडणे अशा तक्रारी घेऊन शेतकरी व मजूर रुग्णालयांत येऊ लागले. हंगामअखेर जिल्ह्यातील मृतांची संख्या वीसहून अधिक आणि बाधितांची आठशेहून अधिक झाली.

यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाने झालेला मृत्यू म्हटला की आत्महत्या, ही समजूत त्यापूर्वीच रूढ झालेली होती, आणि तीस दुर्दैवाने पुरेसा आधारही होता. त्यामुळे विष प्यालेला आणि विष अंगावर घेतलेला या दोहोंतील भेद ठरविणे हाच पहिला प्रश्न होता. त्यास उपयोगी पडणारी रक्तातील कोलिनएस्टरेजची चाचणी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होण्याची सोय त्या वेळी नव्हती. शिवाय प्रत्येक मृत्यू वेगळ्या गावचा, वेगळ्या ठाण्याच्या हद्दीतील. एकेक मर्ग सुटा वाचला असता त्यात अपराधाचा संशय घेण्याजोगे काहीच दिसत नाही: एक मनुष्य शेतात गेला, संध्याकाळी आजारी पडला, मरण पावला. हे सर्व कागद एकत्र ठेवल्याखेरीज घटना अशी दिसतच नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये बोभाटा झाल्यावर अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले, तेव्हा कोठे ते एकत्र आले. नोव्हेंबरात पाच कीटकनाशकांवर साठ दिवसांची विक्रीबंदी आली. त्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते, हे वऱ्हाडातील वाचकास सांगावयास नको.

संशय हा अशा रीतीने कागद जुळविण्यातून निर्माण होतो. याचे जुने उदाहरण म्हणजे ठगांचा शोध. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वाटसरू मार्गावर नाहीसे होत. पण ज्या गावाजवळ ते मारले गेले त्या गावचे ते नव्हते, आणि घरच्यांना ते कोठे गाठले गेले हे ठाऊक नसे. बेपत्ता होणे ही कोणत्याच पाटलाची खबर नव्हती. (१९७३ च्या संहितेतील कलम ४० ग्रामाधिकाऱ्यावर बेपत्ता इसमाची खबर देण्याचे बंधन घालीत होते, तेही ‘त्या गावातून’ नाहीशा झालेल्याविषयी, हे लक्षात घेण्यासारखे आहे.) स्लीमनने १८३० नंतर माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या परस्परांशी ताडून पाहिल्या, पुरलेली प्रेते उकरविली, आणि विखुरलेल्या बेपत्ता प्रकरणांस एक नाव दिले. परंतु जुळविणाराचा हात येथे फार पुढे गेला. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने केवळ ठगांच्या टोळीतील असणे हाच जन्मठेपेचा अपराध ठरला, आणि निरनिराळ्या प्रांतांतील वाटमारे एकाच पंथाचे मानले गेले. या चित्राविषयी पुढील संशोधकांनी गंभीर शंका घेतल्या आहेत, आणि प्रस्तुत लेखकास त्या रास्त वाटतात. कागद सुटे ठेवल्याने सत्य लपते तसे ते घाईने एकत्र बांधल्यानेही बिघडते.

यवतमाळच्या बाबतीत घाईचा दोष देता येत नाही. जुळणीची तरतूद कायद्यात अर्धशतकापासून होती. १९५८ साली केरळ व मद्रास राज्यांत पॅराथिऑन मिसळलेल्या अन्नाने शंभराहून अधिक माणसे दगावली; त्या अनुभवातूनच १९६८ चा कीटकनाशक अधिनियम आला. त्याच्या कलम २६ अन्वये कीटकनाशक वापरताना वा हाताळताना झालेल्या विषबाधेची प्रत्येक घटना कळविण्याचे बंधन राज्य शासनास अधिसूचनेने कोणावरही घालता येते. अशी खबर नियमाने एका ठिकाणी साठत गेली असती तर २०१७ चा जुलै कोणास तरी दिसला असता. तपास पथकाने कारणे दिली ती पिकाची उंची, दमट हवा, मिश्रणे व मजुरांची असावधता ही. शेवटच्या कारणावर पुष्कळ टीका झाली. आणि ती अनाठायी नव्हती, कारण साधने न पुरविलेल्या मजुरास असावध म्हणणे हा निष्कर्ष मर्गाच्या चौकटीतूनच आलेला आहे. त्या चौकटीत मृताखेरीज दुसरी व्यक्ती नसते.

तथापि त्या कागदांचे मूल्य पुढे अनपेक्षित ठिकाणी ठरले. २०२१ साली यवतमाळच्या काही बाधितांनी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सिंजेंटा कंपनीविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा आणला. आपले औषध या विषबाधेस कारण झाले हे कंपनीने अमान्य केले. तेव्हा कोणत्या मजुराने कोणत्या नावाचे औषध फवारले, हा प्रश्न महत्त्वाचा झाला. बाधितांच्या बाजूने त्याचे उत्तर म्हणून पुढे आले ते यवतमाळच्या पोलिसांचे कागद: त्यांतील शहाण्णव प्रकरणांत, त्यांपैकी दोन मृत्यूंच्या, त्या औषधाचे नाव लिहिलेले होते.