बिनतारी सोयरीक

नाशिकच्या माणसानं कॅमेऱ्याला घाबरू नये, असं माझं जुनं मत. ज्यांनी हिंदुस्थानात हलत्या चित्रांचा धंदा उभा केला ते दादासाहेब फाळके ३० एप्रिल १८७० रोजी इथून जवळच त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकातच त्यांनी डोळे मिटले. तेव्हा कॅमेरा आमच्या गंगेच्या पाण्यातच आहे, असं मी चारचौघांत सांगत असे. गेल्या रविवारी दुपारी हे मत बदललं.

झालं असं, की जळगावची मावशी चार दिवस आली होती. आई शहाऐंशीची, मावशी त्र्याऐंशीची. निघताना 'पुन्हा ये हं' म्हणायलाही दोघी आताशा कचरतात. सकाळी दोघींना रामकुंडाच्या पायरीवर बसवून मी लेकीनं दिलेल्या नव्या कॅमेऱ्यानं फोटो काढला. संध्याकाळच्या गाडीआधी दोघींना तो शेजारी बसून बघायचा होता. कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा आगपेटीहून थोडा मोठा, आणि आईचा एक मोतीबिंदू अजून पिकायचा.

"दोन गाठोडी ठेवल्यासारखी दिसतायत," आई म्हणाली.

म्हणजे फोटो कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर आणणं आलं. वायर कुठं ठेवली ते देवाला ठाऊक. पण दुकानदार म्हणाला होता, "काका, आता वायर कशाला? सगळं हवेतून जातं!"

हवेतून जाणं काही नवं नाही. १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोसांनी भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. आपण ज्याला वाय-फाय म्हणतो, त्याचे नियम १९९७ साली ठरले आणि २००५ साली वाय-फायवाले कॅमेरे बाजारात आले. आमच्या वाड्याच्या भिंती मात्र या सगळ्यांच्या आधीच्या. दगड, विटा, माती आणि दीड हात जाडी. ओटीवरचा कॅमेरा माजघरातल्या कॉम्प्युटरला हाक मारी आणि ती हाक वाटेतच कुठंतरी भिंतीत जिरे.

मग दोघांना एका टेबलावर समोरासमोर बसवलं. मुलगी दाखवण्याचाच कार्यक्रम! तेव्हा कळलं की हा कॅमेरा स्वतःचंच एक छोटं जाळं पसरतो आणि कॉम्प्युटरनं घरचं इंटरनेट सोडून त्या जाळ्यात जायचं असतं. म्हणजे घरजावईच. तो गेला, तर घरचं इंटरनेट तुटलं. इंटरनेट तुटलं, तर 'पुढं काय करायचं' ते ज्यावर वाचत होतो तेच पान गेलं. मी संकेतशब्द चष्मा वर-खाली करत टिपेपर्यंत कॅमेऱ्यानं बॅटरी वाचवायला डोळा लावलेला. त्याला उठवावं, तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. साडेतीन वाजले. मावशीची पिशवी भरून दाराशी आली.

अशा वेळी थोरांची आठवण काढावी. चित्रपट बघून आणि रात्री जागून फाळक्यांच्या डोळ्यांवर इतका ताण आला की दृष्टी जवळजवळ गेलीच होती. ती सावरल्यावर १९१२ साली विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते विलायतेला गेले आणि विल्यमसनचा कॅमेरा मागवला. फिल्म यायची ती बिनभोकांची. कडेची भोकं घरी अंधारात पाडायची, आणि ते काम सरस्वतीबाई करीत. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागलेला 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३७०० फुटांचा. फुटाला सोळा चित्रं, चित्राला दोन्ही कडा मिळून आठ भोकं. आकडेमोड करून पाहा, एका प्रतीचीच पावणेपाच लाखांच्या घरात जातात! शिवाय फिल्म धुणं, चित्रणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभं राहणं, आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. त्याच वर्षी बिऱ्हाड नाशकात आलं. इथल्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई यांनी कामं केली, तेव्हा कुठं पडद्यावरच्या बायकांना मिशा काढायचा त्रास वाचला.

हे सगळं मी सौ.ला कॅमेऱ्याला तिसऱ्यांदा उठवता उठवता ऐकवलं. ती पोळ्यांचा डबा बांधत होती. डबा ठेवून आली आणि म्हणाली, "अहो, त्याच्या पोटात ते कार्ड असतं ना? ते काढून ह्यात का घालत नाही?"

कॅमेऱ्याचं खालचं झाकण तिनं नखानं उघडलं, टिकलीच्या पाकिटाएवढं कार्ड काढलं आणि कॉम्प्युटरच्या ज्या फटीत आजवर मी फक्त धूळ साठवली होती तिच्यात सरकवलं. फोटो आला.

मला आठवलं, की १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसननं पहिला डिजिटल कॅमेरा केला तो साडेतीन किलोंहून जड होता. एक फोटो कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागत, आणि मग ती कॅसेट काढून दुसऱ्या यंत्रात घातली की तो टीव्हीवर दिसे. म्हणजे सौ.ची रीत मूळचीच निघाली.

दोघी पडद्यासमोर बसल्या. फोटोत त्यांनी एकमेकींचा हात धरला होता, ते मला काढतानाही दिसलं नव्हतं. मावशी बराच वेळ बघत राहिली.

"अक्का, तू अगदी आईसारखी दिसायला लागलीस गं."

"आणि तू?" आई म्हणाली. "तू अजून माझ्या मागंच लपतेयस."

गाडी चुकता चुकता मिळाली. चारचौघांत मी अजूनही फाळक्यांच्या गोष्टी सांगतो, पण आता सुरुवात सरस्वतीबाईंपासून करतो. सौ. जवळपास असली, तर जरा मोठ्यानं.