जागा आपली होते का?

मागच्या शनिवारी सकाळी मित्राचा फोन आला. हा मूळचा आमच्या उमरखेडचाच, शाळेत माझ्याच वर्गात. चार वर्षांपूर्वी ऑनसाईट म्हणून नेदरलँड्सला गेला तो गेलाच. आता तिथे आल्मेर नावाच्या गावात त्याने घर बघितलंय. एका ओळीतलं, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी वाटून घेतलेलं. म्हणजे आपलं रो-हाऊसच. पुढे चार पावलांची बाग, मागे थोडी जास्त, समोर सायकलचा रस्ता आणि दिवसभर आवाज म्हणून नाही. नोकरी ॲमस्टरडॅमला, पण तिथल्या किमती ऐकून हा अर्धा तास लांब आल्मेरला सरकला.

फोन स्पीकरवर होता. बाबा पुण्याला आमच्याकडे आलेले, बाजूला पेपर वाचत बसलेले. त्यांनी चष्मा वर केला आणि एवढंच विचारलं, "जागा आपली होते का पण? का नुसतं घर?"

मित्र दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, "काका, आल्मेरला होते. ॲमस्टरडॅमला बऱ्याच ठिकाणी होत नाही."

मला वाटलं होतं की बाबांचा प्रश्न खेड्यातल्या माणसाचा आहे. ज्या देशात सगळं ऑनलाईन आहे तिथे असलं काय विचारायचं? पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. वीकेंडभर त्याच्यामागे लागलो आणि लक्षात आलं की गेल्या सव्वाशे वर्षांचा घरांचा इतिहास, मुंबईचाही आणि ॲमस्टरडॅमचाही, याच एका प्रश्नाभोवती फिरतोय.

आधी बाबांचं सांगतो. नोकरीत असताना त्यांनी उमरखेडला एका ले-आऊटमध्ये प्लॉट घेतला. रजिस्ट्री झाली, पेढे वाटले. पुढे बांधकामाची परवानगी काढायला गेले तेव्हा कळलं की ले-आऊट एन.ए. झालेलाच नाही. विकणाऱ्याने शेत आखलं, चुन्याच्या रेघा मारल्या, विकलं आणि तो मोकळा झाला. नकाशातला तीस फुटी रस्ता जमिनीवर कुणाच्या तरी कंपाउंडमध्ये. असे प्लॉट राज्यभर इतके झाले की सरकारला २००१ साली गुंठेवारी नियमित करायचा कायदा आणावा लागला. १ जानेवारी २००१ च्या आधीचे प्लॉट त्यात बसत होते. २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. म्हणजे वीस वर्षांत लोक थांबले नाहीत, तारीखच पुढे सरकली. त्यात आमच्याकडे वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे उमरखेडवरून जाणार म्हटल्यावर प्लॉटचे भाव रेल्वेच्या आधीच धावायला लागले.

रजिस्ट्री झाली म्हणजे जागा आपली झाली, असं आपण समजतो. पण १९०८ चा नोंदणी कायदा नोंदवतो तो दस्त. विकणारा खरोखर मालक होता का, याची हमी सरकार देत नाही. सात-बारा तर मुळात शेतसाऱ्यासाठी. वऱ्हाडात इंग्रजांनी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर शेतांची मोजणी केली ती १८६० च्या दशकापासून, आणि तिचा हेतू सरळ होता: सारा कोणाकडून घ्यायचा? गावठाणात सारा नव्हता, म्हणून गावठाण एक अख्खा ठिपका म्हणून सोडून दिलं. आत कोणाचं घर किती, हे गावाला माहीत, कागदाला नाही. अशा गावठाणांची ड्रोनने मोजणी करून घरमालकांना कागद द्यायची स्वामित्व योजना आली ती थेट २०२० मध्ये.

पण सगळ्यात मजा आली ती हे वाचताना. उमरखेड वऱ्हाडच्या अगदी टोकाला. खाली पैनगंगा, आणि नदी ओलांडली की हदगाव, म्हणजे निजामाचं राज्य. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं, पण मालकी सोडली नाही. पुढे १९०२ साली लॉर्ड कर्झनने निजामाकडून ते कायमच्या पट्ट्याने घेतलं, वर्षाला २५ लाख रुपये भाड्याने. म्हणजे अख्खं वऱ्हाड लीजवर! माझे पणजोबा ज्या घरात राहत होते ते त्यांचं, गाव इंग्रजांच्या कारभारातलं आणि मुलूख कागदोपत्री निजामाचा. निजामाच्या युवराजाला तर १९३६ नंतर 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताबही मिळाला. अशा गावातल्या माणसाने 'जागा आपली होते का' हे विचारलं नाही तरच नवल :-)

आता मुंबई. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग सापडला. लोक शहर सोडून पळाले, गिरण्या थांबायची वेळ आली, आणि सरकारला चाळींतली दाटी पहिल्यांदा डोळ्यांत खुपली. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले (पाडलेल्यांपैकी सगळ्यांना घरं मिळाली नाहीत, ही गोष्ट रस्त्यांच्या कौतुकात राहून जाते) आणि उत्तरेला दादर-माटुंग्याकडे मोकळ्या जमिनीवर नव्या वसाहती आखल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही त्यातलीच. झाडांचे रस्ते, मध्ये बागा, मर्यादित उंचीच्या इमारती. आज आपण तिथून जाताना सुस्कारा टाकतो, पण त्या वेळी ते शहराबाहेरचं स्वस्त, शांत उपनगर होतं. त्या काळचं आल्मेरच. जमीन मात्र ट्रस्टने विकली नाही. भाडेपट्ट्याने दिली.

गंमत म्हणजे त्याच १८९६ साली ॲमस्टरडॅम महापालिकेनेही ठरवलं की शहराची जमीन यापुढे विकायची नाही, पट्ट्याने द्यायची. याला तिकडे 'एर्फपाख्ट' म्हणतात. शहर वाढलं की जमिनीची किंमत वाढते, ती वाढ सगळ्या गावाच्या कष्टाची, मग एकट्या मालकाच्या खिशात का जावी, हा त्यामागचा विचार. विचार म्हणून मला हा फार पटतो. पण घर घेणाऱ्याच्या बाजूने बघा: घर तुमचं, जमीन महापालिकेची, आणि ठरलेल्या काळाने भुईभाडं नव्याने ठरणार. जमिनीचे भाव चढलेले असले की नवं भाडं ऐकून म्हातारी माणसं खचायची. त्यावर बरीच वर्षं भांडणं झाली आणि २०१६ मध्ये पालिकेने भाडं एकदाच कायमचं ठरवून घ्यायची सोय केली. मित्र म्हणत होता ते हेच.

यानंतर मात्र दोन शहरांच्या वाटा फुटल्या. डच लोकांनी १९०१ मध्ये 'वोनिंगवेट' म्हणजे घरांचा कायदा केला. गावांनी बांधकामाचे नियम करायचे, वाढत्या गावांनी पुढचा आराखडा करायचा, आणि नफा न काढणाऱ्या गृहसंस्थांना सरकारने कर्ज द्यायचं. या संस्था आजही टिकून आहेत. देशातल्या जवळपास तीस टक्के घरांच्या मालक त्याच आहेत. भाड्याने राहणं ही तिकडे वर्षानुवर्षं लाज वाटायची गोष्ट नव्हती, त्याचं कारण हे.

आपल्याकडे सुरुवात वाईट नव्हती. १९०४ चा सहकाराचा कायदा फक्त पतसंस्थांसाठी होता, १९१२ मध्ये तो इतर संस्थांनाही खुला झाला आणि १९१५ मध्ये श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. इमारत संस्थेची, सभासद एकाच वेळी भाडेकरूही आणि मालकीतला भागीदारही. कारकुनी करणाऱ्या माणसाला एकट्याने घर बांधणं शक्य नव्हतं, दहा-वीस जणांना मिळून होतं. आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडणारे आपण सगळे या कल्पनेचे वारस आहोत, हे जरा विसरायला होतं. १९२० च्या दशकात सरकारने बीडीडी चाळीही बांधल्या, २०७ इमारती, एका कुटुंबाला साधारण १६० चौरस फुटांची खोली.

मग १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला. युद्धानंतरच्या टंचाईत तो गरजेचा होता, यात वाद नाही. पण भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवली आणि ती तशीच राहिली. भाड्यात मिळेना, मग भाड्यासाठी बांधणार कोण? जुन्या खोल्या पागडीवर फिरू लागल्या, आणि नवी घरं फक्त विकायला बांधली जाऊ लागली. इथे आपला मराठी मध्यमवर्ग इच्छा असो-नसो, 'ओनरशिप'कडे ढकलला गेला. ओनरशिप फ्लॅट हा शब्दच बघा ना, ज्यात ओनरशिप सोडून बाकी सगळं होतं. बिल्डर पैसे घ्यायचे, करार करायचे नाहीत, एकच फ्लॅट दोघांना विकायचे. म्हणून १९६३ चा मोफा कायदा झाला: करार नोंदवा, कराराआधी वीस टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ नका, सोसायटी करून द्या आणि मुख्य म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करा. शेवटचं कलम बहुतेकांनी सोयीस्करपणे विसरून टाकलं. लोक तीस-तीस वर्षं फ्लॅटमध्ये राहिले, कर्ज फेडून बसले आणि इमारतीखालची जमीन बिल्डरच्या किंवा मूळ शेतकऱ्याच्याच नावावर. २००८ मध्ये कायदा बदलून 'मानीव अभिहस्तांतरण' आणावं लागलं. म्हणजे बिल्डर सही करत नसेल तर सक्षम अधिकाऱ्याकडे जा आणि त्याच्या सहीशिवाय जमीन नावावर करून घ्या. शब्द उच्चारता येईपर्यंत निम्मे सभासद मीटिंगमधून उठून जातात ते सोडा, पण हा पर्याय भारी आहे.

यात कर्जाची गोष्ट एका वाक्यात: १९७७ मध्ये हसमुख पारेख यांनी एचडीएफसी काढेपर्यंत पगारदाराला घरासाठी कर्ज म्हणजे पीएफ, सोसायटी नाहीतर सासरे.

मी हे इतकं खणत बसलो त्याला कारण आहे. मीही पुण्यात एक फ्लॅट बघून ठेवलाय. रीसेल, पंचवीस वर्षांची इमारत, छान हवेशीर. टोकन द्यायच्या बेतात होतो. सोमवारी सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना सहज विचारलं, "कन्व्हेयन्स झालंय का हो?" काका हसून म्हणाले, "होईल की, घाई काय आहे!" टोकन सध्या खिशातच आहे.

मित्राचं पुढे सरकलं. तिकडची पद्धत त्याने सांगितली ती अशी. विकणारा किंमत लावतो, पण सध्या टंचाईमुळे लोक त्याच्यावर बोली लावतात. बोली मान्य झाली की लेखी करार, आणि त्यानंतर तीन दिवस खरेदीदाराला कारण न देता माघार घेता येते. इमारत तपासणारा तज्ज्ञ वेगळा आणावा, हे त्याला सगळ्यांनी बजावलं. २०१८ पासून बँका घराच्या किमतीच्या शंभर टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकतात, म्हणून नोटारिस, कर, मूल्यमापन हा वरचा खर्च स्वतःच्या बचतीतून. हा नोटारिस आपल्या कोर्टाबाहेरच्या नोटरीसारखा नाही. सगळे पैसे त्याच्या खात्यात जमा होतात, घरावर आधीचं कर्ज किंवा जप्ती आहे का ते तो तपासतो, खरेदीखत कडास्टरमध्ये नोंदवतो आणि मगच विकणाऱ्याला पैसे सोडतो. कडास्टर म्हणजे त्यांचं भूमी अभिलेख कार्यालय, १८३२ पासून चालू. आमचं गावठाण मात्र तेव्हाही ठिपका आणि त्यानंतर पावणेदोनशे वर्षंही ठिपकाच.

रविवारी मित्राने परत फोन केला, बोली लागली म्हणून. बाबा खुश झाले. म्हणाले, "जुने कागद पाहिले का? आधीचा मालक कोण होता, त्याच्या आधी कोण होता, बहिणींच्या सह्या?"

"काका, तीस वर्षांपूर्वी घर बांधलं. त्याच्या आधी जमीन सरकारची."

"आणि सरकारच्या आधी?"

"पाणी होतं."

"काय बोलतो!"

मग त्याने नीट सांगितलं. आल्मेर आहे तिथे आधी समुद्राची खाडी होती. १९३२ मध्ये बांध घालून तिचं सरोवर केलं, १९६८ मध्ये त्या तुकड्यातलं पाणी उपसून जमीन कोरडी केली आणि १९७६ च्या शेवटाला पहिली कुटुंबं राहायला आली. आजही गाव समुद्रसपाटीच्या तीन-चार मीटर खाली आहे, पंप अखंड चालू असतात.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे वारस कोणीच नाही? लेका, असा प्लॉट आपल्या तालुक्यात शोधूनही सापडायचा नाही." आणि फोनकडे तोंड करून, जरा मोठ्याने, "पण पंपाचं बघ रे बाबा. लाईट गेली तर?"