रॉचडेलची करवत

आमच्या भागातला सहकारी साखर कारखाना बंद पडून सहा हंगाम गेले आणि सातव्या वर्षी बँकेनं त्याचं भंगार लिलावात काढलं. बॉयलर, गव्हाण, टर्बाइन असला मोठा माल एकाच व्यापाऱ्यानं उचलला. वर्कशॉपचं सामान मात्र गटागटानं विकलं. त्यात सुतारखात्याचा एक गट होता. कागदावर लिहिलं होतं, 'जुनी पट्टा करवत, बंद अवस्थेत.' बोली किलोवर. काट्यावर भरली साडेअकरा क्विंटल. भंगारवाला पंचवीस रुपयांवर थांबला, मी सव्वीस म्हटलं. एकोणतीस हजार नऊशे झाले, कर वेगळा.

या कारखान्याचा मी सभासद. शेअर वडिलांनी गाय विकून घेतला होता, पुढं माझ्या नावावर झाला. म्हणजे थोडीफार का होईना, ती करवत आमचीच होती आणि ती मी रोखीनं विकत घेतली. शेवटच्या दोन हंगामांच्या उसाचं बिल अजून यायचं आहे. "त्यातनं वळते करून घ्या की," असं मी लिलावाच्या टेबलावर म्हणालो तर साहेब नुसते हसले.

घरी आणल्यावर सगळ्यांनी वेड्यात काढलं. पण मला हे यंत्र लहानपणापासून ठाऊक. कारखाना ऊसतोड टोळ्यांना टायरगाड्या द्यायचा, त्यांची जुवं, दांड्या, फळ्या या करवतीवर निघायच्या. वडिलांबरोबर उसाची गाडी घेऊन गेलो की नंबर लागेपर्यंत मी सुतारखात्याच्या दारात उभा. एकावर एक दोन मोठी चाकं, त्यांवरून फिरणारा पोलादी पट्टा, त्याला एका कडेनं दात. सुतार फळी नुसती वळवत न्यायचा आणि लाकूड भाकरीसारखं गोल कापलं जायचं. आमच्या गावच्या सुतारआबांना गाडीच्या चाकाचा एक पुठ्ठा वाकसानं घडवायला निम्मा दिवस लागायचा. इथं तो चहा निवायच्या आत निघत होता. आबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "निघंल की. पर त्येला गाठ कुटं हाय ते कसं कळंल?"

रंगाचे चार थर होते. हिरव्याखाली करडा, करड्याखाली काळा. तारेच्या ब्रशनं घासता घासता कमानीवर ओतीव अक्षरं उघडी पडली. इंग्रजी लावून लावून वाचलं: थॉमस रॉबिन्सन अँड सन, रॉचडेल. आणि माझा हात थांबला.

रॉचडेल हे नाव मी ऐकलेलं होतं. गावच्या सोसायटीत दोनदा संचालक होतो, तेव्हा तालुक्याला सहकाराचं तीन दिवसांचं शिबिर झालं होतं. पहिला तास रॉचडेलचा. मँचेस्टरजवळचं हे विणकरांचं गाव. १८४४ साली तिथल्या अठ्ठावीस जणांनी, बहुतेक हातावर पोट असलेल्यांनी, प्रत्येकी एक पौंड घालून टोड लेन नावाच्या गल्लीत दुकान काढलं. २१ डिसेंबरला ते उघडलं तेव्हा आत लोणी, साखर, पीठ, ओटाचं भरड आणि मेणबत्त्या एवढाच माल होता. बाहेरचे दुकानदार पिठात भेसळ करायचे, मापात मारायचे, उधारीत अडकवायचे. यांनी ठरवलं, माल चोख, माप पुरं, व्यवहार रोखीचा, माणशी एकच मत, आणि नफा ज्याची जेवढी खरेदी त्या हिशोबानं परत. जगभरचा सहकार याच गल्लीकडं बोट दाखवतो. आपल्याकडं १९०४ साली सहकारी संस्थांचा कायदा आला आणि १९५० साली नगर जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा कारखाना उभा केला. आमच्या वडिलांनी गाय विकली ती त्या कारखान्याचं नाव ऐकून.

रॉबिन्सनची कंपनी त्याच गावात १८३८ सालची, म्हणजे दुकानाच्या सहा वर्षं आधीची. कंपनीचा आणि त्या विणकरांचा संबंध जोडायचा नाही, तिला मालक होते. पण एका गावचं पाणी प्यालेले दोघे. आमच्या कारखान्यानं ही करवत साठ-पासष्टच्या सुमारास मुंबईच्या एका कापड गिरणीतून जुनी म्हणून घेतली, असं जुने कामगार सांगतात. यंत्रावर साल कुठं नाही. सपाट पट्ट्याच्या दोन पुल्या आणि ओतीव बेअरिंगं बघून मिस्त्री म्हणाले, "दुसऱ्या लढाईच्या आधीचा माल हाय अण्णा."

हे मिस्त्री म्हणजे कारखान्याच्या फिटिंग खात्यातले. वय पंचाहत्तरच्या पुढं. शेवटच्या बावीस महिन्यांचा पगार अडकला, त्याची केस कामगार कोर्टात चालू. त्यांना निरोप धाडला तर दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवर हजर, हॅन्डलला हत्यारांची पिशवी. मजुरी काय घेणार विचारलं तर म्हणाले, "आधी फिरू तर द्या."

पहिला घोर बेअरिंगांचा. या यंत्राला बॉल बेअरिंग नाही. ओतीव घरात पांढरा धातू ओतलेला असतो, त्यात शाफ्ट तेलावर फिरतो. १८३९ साली आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकन माणसानं याचं पेटंट घेतलं, म्हणून बॅबिट म्हणतात. कथील, त्यात अँटिमनी आणि थोडं तांबं. आमच्या यंत्रातला झिजून कागदासारखा झाला होता. मिस्त्रींनी जुना वितळवून काढला. शाफ्ट दिव्याच्या काजळीनं काळा केला, म्हणजे धातू त्याला चिकटत नाही. मग तो घरात बरोबर मध्ये धरून दोन्ही तोंडं मातीनं लिंपली. घर शेगडीनं तापवलं. ओल राहिली तर धातू तोंडावर उडतो, म्हणून पोरांना लांब केलं. धातू तयार झाला का, हे बघायला सुकी काडी बुडवायची. काडी करपली पाहिजे, पेटता कामा नये. ओतायचं एका दमात, हात थांबला की थर पडतो. गार झाल्यावर शाफ्टला निळा रंग लावून फिरवायचा, जिथं निळं उमटेल तिथं खरवडायचं. पुन्हा लावायचं, पुन्हा खरवडायचं. दोन बेअरिंगांना चार दिवस गेले. मला वाटलं, झालं. मिस्त्रींना पाचवा दिवस पाहिजे होता, तोही गेला.

पट्ट्याला आधार देणारा वरचा हात मोडला होता. तो बाजारात मिळणार कुठला? त्याचा लाकडी पॅटर्न केला. बीड गार होताना आकसतं, म्हणून पॅटर्न फुटामागं एक सूत मोठा ठेवायचा. मापं मिस्त्रींची, सागाचा तुकडा आमच्या जुन्या चौकटीचा. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून आठ दिवसांत ओतून आला. चाकांना रबर चढवलं आणि मधोमध जरासा उंचवटा राहील असं घासलं. त्या उंचवट्यामुळंच पट्टा चाकावरून घसरत नाही, आपोआप मध्ये येतो.

राहिला पट्टा. या करवतीची कल्पना इंग्लंडात विल्यम न्यूबेरीनं १८०८ सालीच मांडली, पेटंटही घेतलं. पण पट्ट्याची दोन टोकं जोडली की चाकावर वाकून वाकून जोड तुटायचा. बिनतुटीचा जोड १८४६ साली फ्रान्समधल्या आन पोलीन क्रेपँ या बाईनं बसवला. तोवर जवळजवळ चाळीस वर्षं कल्पना नुसती पडून. आम्हीही तीन ठिकाणी जोड करून आणले आणि तिन्ही गेले. एक तर फाटकन तुटून भिंतीवर आपटला. शेवटी मिस्त्रींनी स्वतः दोन्ही टोकं तिरपी घासली, एकावर एक बसवली, पितळी झाळ दिली आणि कानशीनं इतकं सपाट केलं की बोटाला जोड लागेना.

मोटर घेतली नाही. विहिरीवर वीज आल्यापासून पाच एचपीचं डिझेल इंजिन गोठ्यात पडून होतं. त्याचे फेरे साडेसहाशे. त्याला दहा इंची पुली, करवतीला साडेचौदा इंची, म्हणजे करवतीचे फेरे साडेचारशेच्या आसपास. चाक तीन फुटी. मिनिटाला चार हजार फुटांवर पट्टा पळतो. सुरू केलं तेव्हा आवाज असा नव्हताच, नुसता वारा. मिस्त्रींनी दोन्ही बेअरिंगांवर तळहात ठेवला, बराच वेळ ठेवला आणि म्हणाले, "कोमट. बास." मजुरी त्यांनी तीन हजार घेतली. जास्त दिले ते परत केले.

पहिलं लाकूड बाभळीचं फाडलं. लाकडी चाकाचे पुठ्ठे आता कुणाला लागत नाहीत, सुतारआबाही राहिले नाहीत. पण दोन कोसांवरच्या खाजगी कारखान्याला ऊस नेणाऱ्या टोळ्या आमच्या शिवारात उतरतात. गाडीचं जू मोडलं की ते लोक येतात. बीडकडची माणसं, एक दिवस गाडी उभी राहिली की अख्ख्या कोयत्याची मजुरी बुडते. त्यांचं जू तासाभरात होतं. पैसे लाकडाचे आणि डिझेलचे घेतो.

दर महिन्याला मिस्त्री येतात. पट्टा उतरवून तिकोनी कानशीनं एकेक दात लावतात आणि नवं काय कापलं ते विचारतात. केसची पुढची तारीख दिवाळीनंतरची पडली आहे.