न खाणाऱ्याने सांगितलेला पत्ता

बी.ए.ला असताना आम्हाला चार्ल्स लॅम्बचा एक निबंध होता. १८२२ सालचा, भाजलेल्या डुकराच्या पिल्लावरचा. चीनमधल्या एका पोराच्या हातून घर जळते, आत पिल्ले भाजतात, चटका बसलेले बोट तो तोंडात घालतो आणि भाजलेल्या मांसाची चव माणसाला कळते, अशी ती गमतीची गोष्ट. शिकवण्याआधी सरांनी माझ्याकडे पाहून विचारले, "तुला चालेल ना रे?" वर्ग हसला, मीही हसलो. वाचायला काय, सगळेच चालते. पण तेव्हापासून हा पदार्थ माझ्या मागे लागला. तो मी चाखलेला नाही, चाखणारही नाही. मात्र तो कुठे मिळतो असे कुणी विचारले, तर पत्ता सांगू शकतो.

पहिला पत्ता स्पेनमधल्या सेगोव्हिया गावाचा. तिथे रोमन लोकांनी बांधलेला दगडी जलसेतू आहे आणि त्याच्या पायथ्याशी कांदिदो नावाची प्रसिद्ध खाणावळ. आईच्या दुधावरचे, जेमतेम तीन आठवड्यांचे पिल्लू मातीच्या पसरट भांड्यात ठेवून लाकडाच्या भट्टीत भाजतात. ते इतके मऊ होते, की सुरी न वापरता ताटलीच्या कडेने कापून दाखवतात. दुसरा पत्ता माद्रिदचा. तिथली बोतिन ही खाणावळ १७२५ सालची. जगातली सर्वांत जुनी म्हणून गिनेस बुकात तिची नोंद झाली आणि हेमिंग्वेच्या १९२६ सालच्या 'द सन ऑल्सो रायझेस' या कादंबरीतले शेवटचे जेवण इथेच होते. तिसरा पत्ता पोर्तुगालमधल्या मेयाल्यादा गावाचा. लिस्बनहून पोर्तोकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर अशा खाणावळींची रांगच आहे. तिथे पिल्लाला लसूण, मिरी आणि चरबीचे वाटण लावून ते सळईवर भाजतात.

आता गंमत पाहा. सेगोव्हियाची ती खाणावळ ज्या चौकात आहे, त्याचे नाव 'आसोगेहो'. म्हणजे छोटा बाजार. हा शब्द आला अरबी 'सूक'वरून. रानडुकराला स्पॅनिशमध्ये 'हबाली' म्हणतात, तोही अरबी 'जबल' म्हणजे डोंगर, त्यावरून. डुकरासाठी 'मर्रानो' असा आणखी एक शब्द आहे. तो अरबीतल्या 'मुहर्रम' म्हणजे निषिद्ध, या शब्दापासून आला असे बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्याकडे 'हराम' आहे ना, त्याच कुळातला. ज्यांनी हे मांस कधी खाल्ले नाही, त्यांच्याच भाषेतून त्याची नावे आली.

पण हा 'मर्रानो' पुढे माणसांना चिकटला. १४९२ साली ग्रानादा पडले. त्याच वर्षी स्पेनमधल्या ज्यूंना सांगण्यात आले, की बाप्तिस्मा घ्या नाहीतर देश सोडा. १५०२ साली कास्तीलच्या मुसलमानांवरही तीच पाळी आली. ज्यांनी धर्म बदलला, त्यांच्यावरही विश्वास नव्हता. बाटलेल्या ज्यूंना लोक 'मर्रानो' म्हणू लागले. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, संशयिताच्या खुणा जाहीर करी. शनिवारी धुतलेले कपडे घालतो का, स्वयंपाक चरबीऐवजी तेलात करतो का, डुकराचे मांस टाळतो का. साक्ष द्यायला शेजारी असत, घरची मोलकरीणही असे. चुलीवरचा वास पुरावा झाला होता.

सर्व्हांतेसने याची थट्टा केली आहे. १६०५ साली छापलेल्या 'दोन किहोते'ची हकीकत म्हणे तोलेदोच्या बाजारात अरबीत लिहिलेली सापडते. ती वाचून दाखवणारा एक बाटलेला मुसलमान हसत सुटतो, कारण समासात लिहिलेले असते, की नायकाची ही प्रियतमा डुकराचे मांस खारवण्यात साऱ्या मुलखात पटाईत आहे. तो माणूस बेदाणे आणि गहू एवढ्या मोबदल्यात भाषांतर करून देतो. वाचक हसले असतील. चारच वर्षांनी, १६०९ साली, अशा बाटलेल्या मुसलमानांना देशाबाहेर काढायला सुरुवात झाली आणि १६१४ पर्यंत ते काम उरकले.

हेच न्यायालय पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आले. १५६० ते १८१२, मधली काही वर्षे सोडली तर ते चालू होते. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली त्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. नव्या ख्रिस्ती लोकांनी हिंदूंप्रमाणे मिठाशिवाय भात शिजवू नये, असेही १७३६ च्या फर्मानात होते. म्हणजे हात भाताच्या हंडीपर्यंत पोचला होता.

तेव्हा चौथा पत्ता गोव्याचा. पोर्तुगीज 'लैतांव' तिथे रुजला. 'लैत' म्हणजे दूध, त्यावरून हे नाव. नाताळात आणि लग्नाच्या मेजवानीत तो असतो. मडगावच्या एका मित्राच्या मुलीच्या लग्नात मी तो पाहिला. टेबलाच्या मधोमध, सोनेरी, तोंडात लिंबू. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "घ्या हो, कुणाला कळतंय?" मी काही बोलणार, तोच मित्राची म्हातारी आई आली. हात धरून मला दुसऱ्या टेबलाशी नेले आणि म्हणाली, "हांगा बस पुता. तुजें नुस्तें वेगळें रांदलां."

माझ्यासाठी मासे वेगळ्या भांड्यात शिजवले होते. म्हणजे मी काय खात नाही, याची चौकशी तिनेही आधी करून ठेवली होती. प्रश्न तोच, अडीचशे वर्षे जो त्या मुलखात विचारला गेला. पण ती विचारीत होती मला ताट वाढण्यासाठी. अलीकडे कुणाच्या डब्यात काय आहे, असे कुणी विचारले की मी आधी विचारणाऱ्याचा चेहरा पाहतो. मला ती म्हातारी आठवते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)